झिरो माईल ते बर्डीची टेकडी: सैनिकांच्या आठवणींचा परिसर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो त्या दिवशी मी शेजारपाजारची मुलं आणि जमतील तेवढी मोठी माणसं घेऊन बर्डीला जातो. बरीच वर्षं झाली. रांगेत उभं असताना आणि खाली उतरून चहा घेताना तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं ठरवलं, ती ही.

नेमका कोणता परिसर? इथे एकच स्मारक आहे का?

एकच नाही, म्हणून तर गोंधळ होतो. कस्तुरचंद पार्क, संविधान चौक, झिरो माईलचा दगडी खांब, त्याच्या बाजूचा फ्रीडम पार्क, गोवारी शहीद स्मारक आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सीताबर्डीची टेकडी, हे सगळं पायी फिरता येईल इतक्या अंतरात आहे. प्रत्येक जागा वेगळ्या काळाची आणि वेगळ्या माणसांची आठवण सांगते. सैनिकांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गुंतागुंतीची आठवण टेकडीवर आहे. सुरुवात तिथूनच करावी लागते.

‘सीताबर्डी’ हे नाव कशावरून आलं?

शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोन गवळी भावांवरून, अशी लोककथा आहे. शितलाबद्रीची पुढे सीताबर्डी झाली. आपण नागपूरकर तेवढंही म्हणत नाही. ‘बर्डीवर जाऊन येतो’ म्हटलं की झालं.

किल्ला भोसल्यांनी बांधला ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त ऐकू येतो. १८१७ साली इथे किल्ला नव्हता. दोन उघड्या, खडकाळ टेकड्या होत्या, एक मोठी आणि एक छोटी. लढाई त्या उघड्या टेकड्यांवर झाली. १८१८ च्या सुरुवातीच्या तहात टेकडी इंग्रजांकडे गेली आणि मग त्यांनी तिथे तटबंदी उभारली. ज्या जागेने त्यांना वाचवलं ती त्यांना पुन्हा उघडी ठेवायची नव्हती.

मग १८१७ मध्ये काय घडलं?

थोडं मागून सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या बाजीराव पेशव्याची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. नागपूरच्या गादीवर तेव्हा मुधोजी भोसले, म्हणजे आपले अप्पासाहेब होते. इंग्रजांशी त्यांचा तैनाती फौजेचा करार झालेला होता, पण मन पेशव्याकडे होतं. २४ नोव्हेंबरला त्यांनी पेशव्याने पाठवलेली खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, आणि सेनापती हा किताब उघड समारंभात स्वीकारला. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्सला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

इंग्रजांची फौज तेलंखेडीच्या बाजूला तळ देऊन होती. २५ तारखेला ती तिथून निघाली आणि बर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर चढून बसली. माझ्या मते लढाईचा निम्मा निकाल त्या दिवशीच लागला. शहरापासून इतक्या जवळची, सगळ्या वाटांवर नजर ठेवणारी ही जागा भोसल्यांच्या फौजेने आधी धरली असती, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा आणि बंदुका सुरू झाल्या. रात्रभर गोळीबार चालला. छोट्या टेकडीच्या पायथ्याशी घरं आणि झोपड्या होत्या. भोसल्यांकडचे अरब सैनिक त्यांच्या आडोशाने अगदी जवळ आले होते, आणि टेकडी राखणाऱ्यांची सर्वांत जास्त माणसं तिथेच पडली. २७ च्या सकाळी छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा एक गाडा भडकला. त्या गोंधळात अरबांनी चढाई करून टेकडी घेतली, आणि मोठी टेकडी तिथून त्यांच्या माऱ्यात आली.

तेव्हा कॅप्टन फिट्झगेराल्ड नावाच्या अधिकाऱ्याने, वरून परवानगी मिळत नसताना, जोखीम स्वतःवर घेऊन बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या खालच्या मैदानात घातल्या. भोसल्यांचं घोडदळ मागे हटलं, काही तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. टेकडीवरच्या शिपायांना हे दिसत होतं. त्यांनी उसळी घेऊन छोटी टेकडी परत जिंकली. दुपारपर्यंत सगळं संपलं. सुमारे अठरा तासांची लढाई.

भोसल्यांकडे अठरा हजार माणसं होती आणि इंग्रजांकडे जेमतेम चौदाशे, हे खरं का? मग हरले कसे?

हे आकडे इंग्रजांच्या कागदांतून आलेले आहेत. जिंकणारा माणूस समोरच्याची संख्या मोजताना हात आखडता घेत नाही, हे लक्षात ठेवून ते वाचावेत. तरी भोसल्यांची फौज कित्येक पटींनी मोठी होती, यात शंका नाही.

हरण्याचं कारण मला धैर्याच्या कमतरतेत दिसत नाही. छोटी टेकडी घेणाऱ्यांच्या धैर्याबद्दल त्यांच्या शत्रूनेही लिहून ठेवलं आहे. अडचण हुकमाची होती. अप्पासाहेब स्वतः रणावर नव्हते. मनभट अरबांना घेऊन पुढे होते, घोडदळ गणपतराव सुभेदारांकडे होतं, आणि दोघांच्या हालचाली जुळवणारं कोणी नव्हतं. पायदळ टेकडीला भिडलं होतं त्या वेळी फौजेचा मोठा भाग नुसता पाहत उभा राहिला. समोर एकच सेनानी होता, लेफ्टनंट कर्नल होपटन स्कॉट, आणि त्याच्या माणसांना मागे जायला जागाच नव्हती.

अप्पासाहेबांचं पुढे काय झालं?

डिसेंबरच्या मध्यापर्यंत जनरल डव्हटनची कुमक येऊन ठेपली होती. १६ डिसेंबरला अप्पासाहेब शरण गेले, आणि त्याच दिवशी सक्करदऱ्याकडे लढाई झाली. तह करून त्यांना गादीवर ठेवलं गेलं, पण मार्च १८१८ मध्ये पुन्हा अटक झाली. अलाहाबादकडे नेत असताना जबलपूरच्या वाटेवर ते शिपायाचा वेश घालून निसटले. मग महादेवाच्या डोंगरात गोंड आणि कोरकूंच्या आधाराने काही काळ झुंज दिली, तिथून अशीरगड, पंजाब, आणि शेवटी जोधपूर. १८४० मध्ये तिथेच ते वारले. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं.

इंग्रजांकडून लढलेले ‘इंग्रज’च होते का?

मुलं हा प्रश्न विचारत नाहीत, त्यांच्या डोळ्यासमोर लाल कोटातले गोरे असतात. मोठ्यांपैकी कोणीतरी विचारतो. अधिकारी गोरे होते. टेकडीवर जीव देणारे बहुतेक सगळे हिंदी शिपाई होते, मद्रास पायदळाच्या दोन पलटणींतले तमिळ, तेलुगू आणि दख्खनी मुलुखातले लोक. घोडदळ बंगाल फौजेतलं, म्हणजे उत्तरेकडचं. इंग्रजांच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून ३६७ नोंदले आहेत. चौदाशेंतले ३६७ म्हणजे दर चार माणसांमागे एक.

यातल्या एका पलटणीची गोष्ट मी रांगेत हमखास सांगतो. तिचा नंबर २४ होता, पण ती मुळात मद्रासची पहिली पलटण. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी उठाव केला. पोशाखात आणि कपाळावरच्या गंधात हात घालणारे हुकूम हे त्याचं एक मोठं कारण होतं. उठाव चिरडल्यावर पहिल्या पलटणीचं नावच सैन्याच्या यादीतून खोडलं गेलं आणि उरलेल्यांना २४ हा नंबर मिळाला. अकरा वर्षांनी सीताबर्डीवर याच पलटणीने टेकडी राखली. बक्षीस म्हणून शिपायांनी आपला जुना नंबर परत मागितला, आणि तो मिळाला.

मला ही गोष्ट फार लागते. ज्यांनी आपल्या राजाविरुद्ध बंदूक धरली, त्यांचीही एक दुखरी जागा होती. त्यांना शत्रू म्हणावं की आपले, याचं उत्तर मी कोणाला देत नाही. दोन्ही बाजूंनी इथल्याच मातीतली माणसं पडली, एवढं मात्र सांगतो.

अरब सैनिक नागपुरात कसे?

त्या काळात दख्खनच्या संस्थानांमध्ये अरब पायदळ पगारावर ठेवत. हैदराबादला, बडोद्याला, तसंच इथे. पगार चढा आणि शब्दाला पक्के अशी त्यांची ख्याती होती. राजा शरण गेल्यानंतरही नागपुरातल्या अरबांनी शहर सोडलं नाही. इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर, म्हणजे महाल भागातल्या आजच्या गांधी गेटवर हल्ला चढवला, तो त्यांनी परतवला. शेवटी ३० डिसेंबर १८१७ ला सुरक्षित वाट मिळण्याच्या अटीवर ते बाहेर पडले. गांधी गेटखालून रोज स्कूटर काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

किल्ल्यात त्या लढाईतल्या मृतांचं स्मारक आहे का?

इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांची थडगी आहेत. भोसल्यांच्या बाजूने पडलेल्यांचं काही नाही. मद्रासच्या साध्या शिपायाचं नावही तुम्हाला दगडावर मिळणार नाही.

यात नागपूरचा वेगळा दोष नाही. शिपायाचं नाव दगडावर कोरण्याची रीत सर्रास झाली ती अलीकडेच. दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या आणि त्या सुमारास सरहद्दीवर पडलेल्या हजारो सैनिकांची नावं आहेत, ते १९३१ मध्ये पूर्ण झालं. स्वातंत्र्यानंतर वीरगती मिळालेल्यांची नावं २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्यागचक्रावर आहेत. पंचवीस हजारांहून जास्त नावं, प्रत्येकाची वेगळी वीट. १८१७ चा शिपाई या दोन्हींच्या आधीचा. मोठ्या टेकडीवर एखादा साधा शिलालेख असावा, त्यावर दोन्ही बाजूंचे मृत आणि २६-२७ नोव्हेंबर १८१७ ही तारीख असावी, असं मला मनापासून वाटतं.

२६ नोव्हेंबरला खाली संविधान चौकात संविधान दिनाची गर्दी असते. माणसं फुलं घेऊन येतात, उद्देशिकेचं वाचन होतं. त्याच संध्याकाळी वरच्या टेकडीवर पहिली तोफ उडाली होती हे जमलेल्यांना सांगितलं, तर ते थांबून ऐकतात. मी सांगून पाहिलं आहे.

आता किल्ल्यात कोण असतं? आत कधी जाता येतं?

किल्ला लष्कराकडे आहे. प्रादेशिक सेनेची ११८ वी इन्फंट्री बटालियन, ग्रेनेडियर्स, इथे असते. प्रादेशिक सेना म्हणजे एरवी आपापली नोकरी-धंदा करून ठरलेल्या काळात वर्दी घालणाऱ्या नागरिकांची सेना, १९४९ पासूनची. शहराच्या मधोमध अशीच सेना असणं मला शोभून दिसतं.

लोकांसाठी किल्ला उघडण्याचे परंपरेचे दिवस तीन: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. निघण्याआधी त्या आठवड्याचं वर्तमानपत्र पाहा, वेळा बदलतात. ओळखपत्र जवळ ठेवा, जवान सांगतील तिथेच फिरा, आणि जिथे मनाई असेल तिथे फोटो काढू नका. जॉर्ज पंचम आणि राणी मेरी १९११ च्या भारतभेटीत इथे येऊन गेले, त्याची खूण सांगणारा स्तंभही वर आहे. पण तिथे सेल्फीसाठी थांबण्यापेक्षा छोट्या टेकडीच्या बाजूला उभं राहून खालचा उतार पाहा. लढाई समजायला तेवढं पुरे.

झिरो माईलजवळचं शहीद स्मारक सैनिकांचं आहे का?

नाही, आणि ही चूक होऊ देऊ नका. ते गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनाच्या काळात आदिवासी गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनावर आला होता. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती. बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचंच नाव आहे. तिथे थांबून हात जोडावेत आणि मुलांना खरं काय ते सांगावं. ते लढायला आले नव्हते, मागायला आले होते.

फ्रीडम पार्कमधला रणगाडा कोणता?

टी-५५. सोव्हिएत बनावटीचा, १०० मिलिमीटरची तोफ, आत चार माणसं. १९७१ च्या युद्धात आपल्या चिलखती दलांनी हे रणगाडे पश्चिम आघाडीवर वापरले. फ्रीडम पार्क आणि मेट्रोचं झिरो माईल फ्रीडम पार्क स्टेशन ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. मुलं रणगाड्यावर चढायला बघतात. त्यांना खाली उतरवून विचारा, मे महिन्यात, झाकण बंद करून, आत चार माणसं कशी बसत असतील? नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न लगेच कळतो.

कस्तुरचंद पार्कात तोफा सापडल्या होत्या ना?

हो, २०१९ मध्ये खोदकाम चालू असताना जुन्या तोफा निघाल्या. प्रजासत्ताक दिनाचं संचलन होतं तेच हे मैदान.

नागपूरचा सैन्याशी संबंध एवढ्यापुरताच का?

उलट खरा जिवंत संबंध कामठीला आहे. कामठीची छावणी १८२१ ची, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईची थेट संतती. तिथून दोन धागे मी नेहमी सांगतो.

पहिला महार रेजिमेंटचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला या रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि जून १९४२ मध्ये दुसरी कामठीला. ज्यांच्यासाठी सैन्याची दारं इंग्रजांनी मधल्या काळात बंद केली होती, त्यांनी ती पुन्हा उघडून घेतली. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी यासाठी आग्रह धरला होता. विदर्भातल्या कितीतरी घरांत भिंतीवर आजोबांचा वर्दीतला फोटो आहे तो या धाग्याचा. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनचे होते.

दुसरा ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा. जात, धर्म, प्रांत न पाहता सगळ्या देशातून भरती करायची, या विचाराने पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पांनी १९४९ मध्ये ही रेजिमेंट उभी केली. तिचं केंद्र कामठीला आहे, ब्रीद ‘पहला हमेशा पहला’. १९७१ च्या डिसेंबरात आगरतळ्याजवळ गंगासागरला लान्स नाईक अल्बर्ट एक्का लढले ते याच रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनमधून. झारखंडच्या आदिवासी घरातला हा माणूस. जखमी असताना एकामागून एक शत्रूचे बंकर बंद करत गेला. पूर्व आघाडीवर त्या युद्धातलं परमवीरचक्र त्याचं एकट्याचंच.

‘शहीद’ म्हणावं की ‘हुतात्मा’?

लष्कराच्या कागदोपत्री शहीद हा अधिकृत शब्द नाही, असं सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. मराठीत हुतात्मा हा शब्द आपण स्वातंत्र्यलढ्यातल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या माणसांसाठी रुळवला. सैनिकासाठी ‘वीरगती मिळाली’ किंवा ‘धारातीर्थी पडले’ हे मला जास्त योग्य वाटतं. पण वीरमातेच्या घरी गेलात आणि ती मुलाला शहीद म्हणत असेल, तर तुम्हीही तेच म्हणा.

वर्षातून कोणत्या दिवशी काय असतं?

२६ जुलैला कारगिल विजय दिवस. त्या दिवशी वर्धा रोडला अजनी चौकातल्या अमर जवान स्मारकावर लोक जमतात. १६ डिसेंबरला १९७१ चा विजय दिवस. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन, निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गोळा होतो. १५ जानेवारीला सेना दिवस.

१४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. करिअप्पा १९५३ मध्ये या तारखेला निवृत्त झाले म्हणून. ही तारीख संक्रांतीला किंवा तिच्या आदल्या दिवशी येते. आमच्या गल्लीत आता तिळगुळाची पहिली वाटी माजी सैनिकांच्या घरी जाते. मग तासभर तरी बसावं लागतं, कारण गोष्टी सुरू होतात.

माजी सैनिक किंवा वीरनारींसाठी (धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी) आम्ही खरोखर काय करू शकतो?

हाराचा खर्च कमी करा आणि सोबत जा. पेन्शनच्या कागदात नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, हयातीचा दाखला ऑनलाइन भरताना बोटाचा ठसा उमटत नाही, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात नेऊन आणणारं कोणी नसतं. वयस्क माणूस आणि एकटी बाई इथे अडकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे, पण तिथपर्यंत पोचवणारा एक शेजारी लागतो. माझ्या वडिलांच्या एका कागदात एका अक्षराच्या चुकीसाठी आम्ही आठ महिने फेऱ्या मारल्या. मी सोबत होतो म्हणून ते टिकले. ज्यांच्याकडे कोणी नाही त्यांनी अर्ध्यात सोडून दिलं असतं.

लहान मुलांना घेऊन कसं फिरावं?

सकाळी लवकर निघा. मेट्रोने झिरो माईलला उतरा, रणगाडा पाहा, गोवारी स्मारकाशी थांबा, मग किल्ल्याची रांग. उतरताना टेकडी गणपतीचं दर्शन, तो याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. पाण्याची बाटली विसरू नका.

पाण्यावरून आठवलं. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना पहिल्यांदा किल्ल्यावर नेलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने स्कॉट, फिट्झगेराल्ड, मनभट असं सगळं सांगत होतो. ते काही बोलले नाहीत. छोट्या टेकडीच्या बाजूला बराच वेळ उभे राहिले, खाली पाहिलं, वर पाहिलं. मग म्हणाले, “अठरा तास म्हणतो तू. एवढ्या पोरांसाठी पाणी कोण आणत असेल रे वर?”